मतदार नोंदणी आणि यादीतील नावाची खातरजमा

मतदार नोंदणी : पात्र नागरिकाचे नाव विधानसभा मतदारसंघाच्या मतदार यादीत दाखल करण्याची कायदेशीर प्रक्रिया. भारतात मत देता येते ते या यादीच्या आधारावर. मतदार ओळखपत्र खिशात असले तरी यादीत नाव नसेल, तर केंद्रावरून परत फिरावे लागते. उलट, नाव असेल तर पासपोर्ट, आधार किंवा वाहन परवान्यासारखा भारत निवडणूक आयोगाने मान्य केलेला दुसरा पुरावाही चालतो. अनेकांना हे मतदानाच्या दिवशीच कळते आणि तोवर दुरुस्तीची वेळ टळलेली असते.

यादी किती मोलाची आहे, हे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतच दिसले. सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची नोंद घराघरांतून करताना, विशेषतः उत्तरेकडील राज्यांत, असंख्य स्त्रियांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगितले नाही. त्यांची नोंद ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशी झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळली गेली. निर्णय कठोर होता. पण स्त्रीची नोंद तिच्याच नावाने व्हावी, हे त्यामुळे ठरून गेले.

नोंदणीचे नियम लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० मध्ये आहेत. वयाची अट १९८९ पासून २१ ऐवजी १८ वर्षे झाली. पूर्वी वय मोजण्याची तारीख १ जानेवारी ही एकच होती. २०२१ च्या दुरुस्तीने १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर यांची भर पडली. दुसरी अट त्या जागी सामान्यतः राहत असण्याची. गावाकडे घर आहे एवढ्यावर तिथे नाव लावता येत नाही, हे कायदा स्पष्ट सांगतो. मुंबईत कायमचे राहणाऱ्या कोकणातल्या माणसाने हे ध्यानात घ्यावे, कारण दोन ठिकाणी नाव ठेवण्यास मनाई आहे. मात्र तात्पुरते बाहेर गेल्याने रहिवास संपत नाही. हंगामापुरते कारखान्यांवर जाणाऱ्या बीडच्या ऊसतोड कामगारांचा गावातला हक्क या तरतुदीमुळे टिकतो.

नव्या नावासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८, नाव वगळण्यासाठी अथवा हरकतीसाठी नमुना ७ भरतात. अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतो. लोक त्यांना बीएलओ म्हणतात. पुष्कळदा त्या गावातल्याच शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात. बेघर माणसाकडे पत्त्याचा कागद नसला तरी चालते. तो सांगितलेल्या जागी खरोखर झोपतो का, हे बीएलओ रात्री जाऊन पाहतात.

नाव पाहायचे ते निवडणूक जाहीर होण्याआधी. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की निवडणूक पूर्ण होईपर्यंत यादीत नाव घालता येत नाही, काढताही येत नाही. त्यातच नव्या अर्जावर हरकतींसाठी सात दिवस द्यावे लागतात, म्हणून प्रत्यक्षातली मुदत आणखी आधी संपते. संकेतस्थळावर, मोबाइल अॅपवर किंवा १९५० या क्रमांकावर खात्री करता येते. शोधताना ओळखपत्र क्रमांक वापरावा. नावाच्या स्पेलिंगमधील फरकाने शोध हमखास फसतो. घर बदलल्याच्या कारणावरून नाव काढण्याआधी त्या व्यक्तीला म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे. निर्णय पटला नाही, तर पंधरा दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

महापालिका, जिल्हा परिषदांसाठी राज्य निवडणूक आयोग वेगळी नोंदणी करत नाही. ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागनिहाय विभागली जाते. त्या तारखेनंतर लागलेले नाव त्या निवडणुकीपुरते उपयोगी पडत नाही. प्रारूप प्रभाग यादी प्रसिद्ध होताच आपले नाव शेजारच्या प्रभागात गेले नाही ना, हे पाहून हरकत नोंदवावी लागते.

विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची रीत निराळी. तिथे प्रत्येक निवडणुकीआधी यादी कोरी धरून नव्याने बनते. पदवीधरांनी नमुना १८, शिक्षकांनी नमुना १९ पुन्हा भरायचा. मागच्या वेळी मत दिले असले तरीही.