मराठी वेबचे तीन सिंहस्थ

नाशिकच्या २०२७ च्या सिंहस्थाची, म्हणजे बारा वर्षांनी येणाऱ्या कुंभमेळ्याची, चर्चा सुरू झाली आणि माझ्याकडे वेबसाइटची कामं येऊ लागली. कुणाला धर्मशाळेची साइट हवी, कुणाला गोदाघाटाची माहिती देणारी. त्यातल्या एकाने सहज विचारलं, "२००३ च्या सिंहस्थाबद्दल मराठीत लोकांनी लिहिलेलं काही जुनं मिळेल का? आठवणी, घाटावरचे अनुभव, असं काही?" मी दोन रात्री शोधत बसलो. १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक हातात घेऊन वाचता येतं, पण इंटरनेटवरचं विशीतलं मराठी मला सापडेना. ते लिहिलं गेलं होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यातलं थोडं मीच टाइप केलं होतं.

ते कुठे गेलं हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं. नाशिककर मोठा काळ सिंहस्थाने मोजतात. घर कधी बांधलं, तर "सिंहस्थाच्या आदल्या वर्षी". मराठी वेबची गोष्टही याच मापाने सांगता येते.

१९९१ च्या सिंहस्थाच्या वर्षी तीन गोष्टी घडल्या. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत तयार केलेलं वर्ल्ड वाइड वेब ऑगस्टमध्ये बाहेरच्या जगाला कळलं. ऑक्टोबरमध्ये युनिकोडची, म्हणजे जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीची, पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. संगणकावरच्या भारतीय लिप्यांसाठीचं इस्की हे मानकही याच वर्षी भारतीय मानक म्हणून छापलं गेलं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. म्हणजे मराठीत वेबपान लिहायला जे लागतं, त्याचा पाया त्या वर्षीच कागदावर तयार होता. आमच्या गावात तेव्हा छापखान्यांत खिळे जुळवले जात होते आणि डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावणं, नुकतं कुठे येऊ लागलं होतं.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, ते मोजक्या महानगरांत. नाशिकपर्यंत ते येईतो आमच्याकडे मराठी टाइप करायची एक वेगळीच रीत रुजली होती, आणि पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ तिच्यात आहे.

मी शालिमारजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात कामाला लागलो तेव्हा आमचा निम्मा धंदा लग्नपत्रिकांचा होता. पेजमेकरमध्ये पत्रिका लावायची, फ्लॉपीवर घ्यायची आणि छापखान्यात न्यायची. एकदा छापखान्यातल्या मशीनवर आमचा फॉन्ट नव्हता. फाइल उघडली तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं. मुलीचे वडील शेजारी उभे होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. त्या दिवशी मला कळलं की आम्ही जे रोज टाइप करत होतो, ते मराठी नव्हतंच. फाइलच्या आत 'क' कुठेच नव्हता. तिथे एखाद्या इंग्रजी अक्षराचा क्रमांक होता आणि त्याच्यावर 'क'चं चित्र चढवलेलं होतं. फॉन्ट काढला की चित्र गेलं. शिवाय प्रत्येक कंपनीने ही चित्रं आपापल्या क्रमाने लावलेली. एका फॉन्टमधला काना दुसऱ्यात वेलांटी व्हायचा.

कागदावर छापायचं असेल तोवर हे चालून गेलं, कारण छापून झालं की फाइलचं काम संपायचं. वेबवर फाइल हेच अंतिम रूप, आणि ते वाचणाऱ्याच्या मशीनवर उघडणार. म्हणून त्या काळातल्या मराठी साइट्सवर सगळ्यात वर एकच सूचना असायची: आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या. चार वर्तमानपत्रं वाचायची तर चार फॉन्ट. मग डायनॅमिक फॉन्ट आले, पानासोबत फॉन्ट आपोआप यायचा, पण एका ब्राउझरचा दुसऱ्याला चालायचा नाही. कंटाळून कितीतरी जणांनी मजकुराचं चित्र करून पानावर चिकटवलं. यातल्या कुठल्याही मजकुरात 'गोदावरी' हा शब्द शोधयंत्राला दिसणं शक्य नव्हतं. तो शब्द तिथे नव्हताच.

आता २००३. त्याच्या वर्षभर आधी पंचवटीतले एक निवृत्त शिक्षक दुकानात आले. रामकुंड, सीताकुंड, लक्ष्मणकुंड, घाटावरची देवळं, पुराच्या खुणा, लहानपणी पाहिलेले सिंहस्थ, असं त्यांनी फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात लिहून आणलं होतं. चाळीस पानं. बाहेरगावहून येणाऱ्यांना हे वाचायला मिळावं, एवढीच त्यांची इच्छा. मी ते सगळं टाइप केलं आणि साइट बनवली. तेव्हा सगळे जसं करायचे तसंच: न दिसणाऱ्या टेबलच्या चौकटीत पान बांधायचं, डावीकडे मेनू, वर सरकती ओळ, खाली किती जणांनी पाहिलं ते दाखवणारा आकडा. पानाची रचना मजकुरापासून वेगळी ठेवणारी सीएसएसची पद्धत १९९६ मध्येच आलेली होती, पण ती सगळ्या ब्राउझरना नीट कळेपर्यंत बरीच वर्षं गेली. साइट एका फुकट जागा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवली. सर आठवड्यातून एकदा यायचे आणि आकडा बघून जायचे. सिंहस्थात तो आकडा चार अंकी झाला तेव्हा त्यांनी दुकानात सगळ्यांना कोंडाजीचा चिवडा वाटला.

त्या वर्षी दुसरीकडे काय चाललं होतं ते मला फार नंतर कळलं. फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने ब्लॉगर ही फुकट ब्लॉग लिहायची सोय विकत घेतली. १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला ब्लॉग आणि साइट बनवायचं वर्डप्रेस आलं. आणि विंडोज एक्सपीमध्ये युनिकोड देवनागरी होती, 'मंगल' या फॉन्टसह. हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. ते कवी होते आणि सुलेखनकारही. वेबवरचं मराठी वर्षानुवर्षं लाखो लोकांनी वाचलं ते एका मराठी कवीच्या हातच्या अक्षरांत, ही गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही.

पण एक्सपीमध्ये देवनागरी आपोआप चालू नसायची. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची, मग मशीन विंडोजची सीडी मागायचं. कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत ती सीडी कोण देणार? जोडाक्षरं सुटी पडायची, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची. म्हणून कितीतरी लोक जुन्या फॉन्टवरच राहिले. सरांची साइटही तशीच राहिली. ती तेव्हाच युनिकोडमध्ये आणायला हवी होती, मी आणली नाही. याची टोचणी मला आजही आहे.

युनिकोडमध्येही मराठीची सोय लगेच झाली असं नाही. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'कऱ्हाड' यांतला 'र' साध्या रीतीने टाइप केला की रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जायचा. हिंदीला हा 'ऱ्य' लागत नाही, त्यामुळे त्याची फिकीर मराठी माणसालाच. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. तोवर 'बँक' लिहिता यायचं, पण 'ॲसिड' लिहायला हिंदीतला 'ऍ' वापरायचा किंवा 'अ'ला वरून चंद्र जोडायचा. आजही एकच शब्द तीन प्रकारे साठवलेला सापडतो आणि एका प्रकाराने शोधलं तर दुसरा मिळत नाही. जुनं मराठी न सापडण्यामागे हे एक बारीकसं, पण खरं कारण आहे.

२००५ च्या आसपास ब्रॉडबँड घराघरांत येऊ लागलं आणि पुढची पाच-सहा वर्षं मला मराठी वेबचा सगळ्यात चांगला काळ वाटतो. बरहा, गमभन यांसारख्या साधनांनी रोमन अक्षरं दाबून शुद्ध देवनागरी लिहिता येऊ लागलं आणि टायपिंग न शिकलेली माणसं लिहिती झाली. प्राध्यापक, बँकेतले कारकून, परदेशी गेलेल्या मुली, द्राक्षबागायतदार असे सगळे ब्लॉग लिहायचे. प्रत्येक नोंदीला स्वतःचा पत्ता होता, तारीख होती, लिहिणाऱ्याचं नाव होतं. ब्लॉगची महती मला या तीन गोष्टींत दिसते. मी तेव्हा लोकांना टेम्प्लेट मराठीसाठी बसवून देऊ लागलो. इंग्रजीसाठी बेतलेल्या टेम्प्लेटमध्ये ओळी इतक्या चिकटून येतात की खालच्या ओळीची मात्रा वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडते. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडं जास्त ठेवलं की पान मोकळा श्वास घेतं. अक्षरांमध्ये अंतर टाकलं तर शिरोरेषा तुटते. आजही मोठमोठ्या ॲपच्या बटणांवर 'सुरू करा'चा उकार खालून कापलेला दिसतो, कारण बटणाची उंची रोमन अक्षरं मापून ठरवलेली असते.

जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर सरकारने मोजकी पानं रोखायचा आदेश दिला आणि इंटरनेट पुरवणाऱ्यांनी ब्लॉगरवरचे ब्लॉग जिथे दिसायचे ते सगळंच ब्लॉगस्पॉट काही दिवस बंद करून टाकलं. आपली वही दुसऱ्याच्या कपाटात आहे, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

गूगलचं ऑर्कुट हे सोशल नेटवर्क २४ जानेवारी २००४ ला सुरू झालं होतं. नाशिकच्या कॉलेजांत ते पोचलं तेव्हा सायबर कॅफेत रांगा लागायच्या. स्क्रॅप लिहायचे, टेस्टिमोनियल मागायचे, शाळेच्या नावाची कम्युनिटी काढायची. मराठी तिथे भरपूर होतं, पण बहुतेक रोमन लिपीत. मोबाइलच्या एसएमएसने हीच सवय लावली होती: रोमनमध्ये १६० अक्षरं मावायची, देवनागरीत ७० च. लोकांनी पैसे वाचवले, यात त्यांना दोष कसा देणार? ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. त्याआधी २००९ मध्ये साइटला फुकट जागा देणारं जिओसिटीज गेलं होतं, १ जुलै २०१३ ला गूगल रीडर. रीडर गेल्याने ब्लॉगचं फार नुकसान झालं असं माझं मत आहे. पन्नास ब्लॉगवरचं नवं लिखाण एका जागी वाचायची सोय गेली आणि वाचक फेसबुकवर, जे समोर येईल ते वाचू लागला. लिहिणारेही मग तिकडेच गेले.

२०१५ चा सिंहस्थ आला तो फोनवर. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या फोनवर देवनागरीऐवजी चौकोन दिसायचे, ती अडचण तोवर संपली होती. कधी नव्हे एवढं मराठी देवनागरीत लिहिलं जाऊ लागलं. पर्वणीच्या दिवशी कुठला रस्ता बंद, बाहेरच्या वाहनतळावरून बस कुठून सुटते, सगळं व्हॉट्सॲपवर. पुढच्या वर्षी, २ ऑगस्ट २०१६ ला, गोदावरीला पूर आला. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी, छातीला पाणी, डोक्यावरून पाणी, असे फोटो मिनिटामिनिटाला येत होते. पूर मोजायचं नाशिकचं ते पिढ्यान्‌पिढ्यांचं माप. पण त्याच फोटोंत सप्टेंबर २००८ च्या पुराचेही फोटो मिसळून फिरले आणि कुठला कधीचा हे कुणालाच सांगता येईना. फोटो काढणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. २०१८ मध्ये अफवांमुळे भारतात एका वेळी पाच चॅटवरच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आली. त्याने वेग थोडा कमी झाला असेल, पण निरोपाला पत्ता मिळाला नाही. व्हॉट्सॲपवरच्या चांगल्या लेखाकडे दहा वर्षांनी बोट दाखवता येत नाही, कारण तो कुठल्या एका जागी राहतच नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंची कविता तिच्याखाली 'अज्ञात' असं लिहून त्यांच्याकडेच परत आली. त्यांनी ती जपून ठेवली, खाली पेनाने स्वतःचं नाव लिहून.

मी आता गिऱ्हाइकाला कामाआधीच तीन गोष्टी सांगतो. डोमेन तुमच्या नावावर घ्या, माझ्या नको. मजकूर युनिकोडमध्ये द्या. आणि सगळ्या पानांची एक प्रत तुमच्या घरच्या कपाटात ठेवा. फेसबुकवर लिहा, व्हॉट्सॲपवर पाठवा, पण मूळ प्रत आधी आपल्या जागेत टाका.

सरांची साइट ज्या सर्व्हरवर होती तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. सरही आता नाहीत. जुन्या साइटच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर पाहिलं, तिथे फक्त मुखपृष्ठ निघालं, तेही इंग्रजी अक्षरं आणि कंसांच्या भाषेत. पण दुकान आवरताना मला एक सीडी सापडली, वर स्केचपेनने 'कुंड – सर' असं लिहिलेली. ती चालली. दोन फाइली खराब आहेत, अडतीस पानं शाबूत आहेत. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणणाऱ्या साधनातून मी ती एकेक काढतो आहे. साधन बरंचसं काम करतं, पण 'दुसऱ्या'चा 'ऱ्या' दर वेळी चुकतो आणि पहिली वेलांटी जोडाक्षरापाशी अडखळते, म्हणून प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासावी लागते. सरांची नात गंगापूर रोडला राहते. तिच्याकडे मूळ फुलस्केपची वही आहे, जिथे शंका येते तिथे ती फोटो काढून पाठवते. सध्या मी अकराव्या पानावर आहे. त्यात सरांनी लिहिलंय की लहानपणी सिंहस्थात त्यांच्या वाड्यात बाहेरगावची बावीस माणसं महिनाभर उतरली होती, आणि पुढे त्या सगळ्यांची नावं दिली आहेत.