डुक्कर फियाटचे पिस्टन मिळतात, मग मागच्या दिव्याची काच का मिळत नाही

आजोबांची 1962 ची फियाट सुपर सिलेक्ट, म्हणजे लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात ती, आमच्या कऱ्हाडच्या घरामागं पत्र्याच्या शेडमधे 27 वर्षं उभी होती. ती परत रस्त्यावर आणायची असं मी आणि धाकट्या काकांनी ठरवलं आणि पहिल्या दोन महिन्यांतच चक्रावून गेलो. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेड गॅस्केट, क्लच प्लेट हे सगळं पुण्यात नाना पेठेत दोन चकरांत मिळालं, तेही पॅकबंद. आणि मागच्या दिव्याची तळहाताएवढी लाल काच, ती दीड वर्ष मिळाली नाही. साठ वर्षं जुन्या गाडीचं इंजिन दुकानात मिळतं आणि दिव्याची काच मिळत नाही हे गणित मला काही केल्या सुटेना, म्हणून मी या गाडीचा इतिहास खणायला घेतला आणि उत्तर तिथंच सापडलं. जुनी फियाट घेऊन बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण त्यामुळं कुठला पार्ट शोधायचा आणि कुठला सरळ बनवून घ्यायचा हे आधीच कळतं.

सुरुवात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्यापासून होते. जहाज, विमान आणि मोटार, तिन्ही या देशात बनली पाहिजेत असा ध्यास घेतलेला हा माणूस. 1944 मधे त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. पहिला करार अमेरिकेच्या क्रायस्लरशी, त्यामुळं 1947 पासून तिथून बाहेर पडल्या त्या डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा गाड्या. मुंबईत गाड्यांची जुळणी काही नवीन नव्हती, शिवडीला जनरल मोटर्स 1928 पासून शेवरोले जोडत होती. पण ती नुसती जुळणी, पेट्या बाहेरून यायच्या आणि इथं बोल्ट आवळायचे. 1953 च्या टॅरिफ कमिशननं, म्हणजे सरकारच्या आयात कर ठरवणाऱ्या आयोगानं, नेमकं यावरच बोट ठेवलं, की ज्यांच्याकडं पार्ट इथं बनवायचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी 1954 च्या आसपास गाशा गुंडाळला. राहिले ते प्रीमियर, कलकत्त्याकडचे हिंदुस्तान मोटर्स असे मोजके. आज आपण जे पार्ट शोधत फिरतो त्यांचं मूळ या निर्णयात आहे असं माझं मत आहे, कारण तिथून पुढं पार्ट इथंच बनवणं भागच पडलं.

त्याच काळात प्रीमियरनं इटलीच्या फियाटचा हात धरला होता. आधी छोटी टोपोलिनो आली, मग 1100. इटलीत फियाटनं ही नवी 1100 मार्च 1953 ला जिनिव्हाच्या प्रदर्शनात दाखवली, आणि 1954 मधे ती कुर्ल्यात यायला लागली पण! आजच्या हिशोबानं बघितलं तरी हे जलद आहे. चॅसी वेगळी नाही, बॉडीच चॅसी, 1089 सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन, गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला आणि पुढचे दरवाजे उलटे उघडणारे, म्हणजे बिजागरं मागच्या बाजूला. गोलमटोल अंग आणि पुढं आलेलं नाक, त्यावरनं डुक्कर हे नाव पडलं आणि ते इतकं चिकटलं की आजही कऱ्हाडात कुणाला सुपर सिलेक्ट म्हणून कळणार नाही. मिलेचेंतो, एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं बदलत गेली, दिवे बदलले, जाळी बदलली, पट्ट्या बदलल्या, खाली गाडी तीच.

मग 1964 ला डिलाईट आली. आता इथं नीट लक्ष द्या कारण सगळी मेख इथंच आहे. डिलाईटची बॉडी नवी, चौकोनी, आणि ती आल्यावर डुकराचा बाहेरचा सगळा साज बंद झाला. पण इंजिन तेच 1089 राहिलं, बोअर म्हणजे सिलेंडरचा व्यास 68 मिलीमीटर आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली चाल 75. इटलीत मात्र 1100 डी या पुढच्या मॉडेलला फियाटनं बोअर वाढवून 72 केला होता, म्हणजे 1221 सीसी. हे मला माहीत नसताना मी इटलीतनं 1100 चे पिस्टन मागवायला निघालो होतो, पैसे भरायच्या आधी काकांनी फक्त विचारलं की बोअर किती लिहिलाय बघ, आणि वाचलो. तेव्हा नावावर जाऊ नका, मापावर जा.

डिलाईटचीच पुढं 1972 ला फियाटशी करार संपल्यावर प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि त्यानंतर एकदोन वर्षांत प्रीमियर पद्मिनी. इटलीत 1100 चा शेवट 1969 ला झाला, आपल्याकडं मात्र तीच गाडी 2000 च्या आसपासपर्यंत निघत राहिली. का, तर लायसन्स राज. परकीय चलन नाही, पत्रा दाबायचे नवीन साचे, म्हणजे डाय, आणायला परवानगी नाही, वर्षाला किती गाड्या काढायच्या ते पण सरकार ठरवणार, आणि गिऱ्हाईक तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघत बसलेलं, मग मॉडेल बदलायची कंपनीला गरजच काय! डिसेंबर 1983 मधे मारुती 800 आली तेव्हा कुठं हे चित्र हललं. गाडी घेणाऱ्यांसाठी तो काळ वाईटच होता हे मान्य, पण इतकी वर्षं एकच इंजिन निघत राहिल्यामुळं त्याचे पार्ट बनवणारे देशभर तयार झाले, मद्रासचे पिस्टन, बंगलोरचे मायकोचे प्लग, लुकास टीव्हीएसचा डिस्ट्रिब्युटर. म्हणजे डुकराचा साज निघाला जेमतेम दहा वर्षं आणि तिचं इंजिन निघालं पंचेचाळीस वर्षांच्या आसपास. झालं, मिळालं उत्तर.

त्यात भर पडली ती मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीची. कलकत्त्यात अँबेसेडर कारण कारखाना तिथं उत्तरपाड्याला, मुंबईत फियाट कारण कारखाना कुर्ल्याला. टॅक्सीवाला दिवसरात्र गाडी हाणणार, त्याला क्लच, ब्रेकचे वॉशर, बुश, सायलेन्सर सतत लागणार आणि स्वस्तात लागणार, त्यामुळं ऑपेरा हाऊसच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला हा माल कधी संपलाच नाही. आमच्यासारख्या घरच्या गाड्या खरं तर टॅक्सीवाल्यांच्या जिवावर जगल्या, हे कुणी बोलून दाखवत नाही म्हणून मी मुद्दाम लिहितोय. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओला 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली, आणि मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा 20 वर्षं, म्हणून ऑक्टोबर 2023 च्या शेवटी ती पण रस्त्यावरून गेली. तेव्हा पेपरात सगळे जुन्या आठवणी काढत होते, मला मात्र काळजी लागली होती ब्रेकच्या व्हील सिलेंडरची. कारण रोज माल घेणारं गिऱ्हाईकच गेलं तर नवीन माल कोण बनवणार. आता दुकानात जो आहे तो शिल्लक माल आहे, म्हणून ज्यांच्याकडं अशी गाडी आहे त्यांनी रबराचं सामान सोडून बाकी सगळं आत्ताच घेऊन ठेवा. रबर ठेवून कडक होतं, ते घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

आता जे मिळतच नाही त्याचं काय. आमच्या गाडीत सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मधल्या खांबानं. पुढचा दरवाजा उलटा असल्यामुळं पुढच्या आणि मागच्या, दोन्ही दरवाज्यांची बिजागरं त्या एकाच खांबावर येतात. साठ वर्षांचं वजन, वर पावसाळ्यात शेडमधली ओल, खांबाचा पत्रा खालून खाल्लेला आणि बिजागरीच्या पिनी झिजून अंड्यासारख्या झालेल्या, दरवाजा बंद करायला तो हातानं वर उचलायला लागायचा. बाहेरनं रंग मारून हे झाकता येतं आणि बरेच लोक झाकतात, पण बॉडीच चॅसी असलेल्या गाडीत ते चुकीचं आहे, जिवाशी खेळ आहे. आम्ही पत्रा कापून नवीन बसवला आणि पिनी घेऊन कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. तिथल्या एका लेथवाल्या मिस्त्रींनी पिन बोटांत फिरवून बघितली, बिजागरीचं भोक बघितलं आणि म्हणाले, "भोक गोल करून घिऊया, पिन जाड करतो, आणि पितळंचं बुश घालतो, म्हंजे परत भोक झिजायचं न्हाई." दोन तासांत आठ पिनी तयार. दरवाजा बसवल्यावर काकांनी एका बोटानं ढकलला आणि तो टक करून लागला, त्या आवाजाला काका कितीतरी वेळ दरवाजा उघडून लावून बघत होते. म्हणाले, आण्णा, म्हणजे माझे आजोबा, असाच लावायचे, आपटायचे नाहीत.

लोखंड, पितळ, पत्रा यांचं आपल्याकडं काही अडत नाही. अडतं ते काच, प्लॅस्टिक आणि मोनोग्राम, म्हणजे गाडीवरची नावाची चिन्हं, यांच्यापाशी. बोनेटवरचा मोनोग्राम आम्ही एका ठिकाणी प्लेटिंगला दिला, त्यांनी चकाकीसाठी घासून बफिंग इतकं केलं की अक्षरांच्या कडाच गेल्या, ते नुकसान भरून निघालं नाही. तेव्हापासून ओरिजिनल तुकडा कुणाच्या हातात द्यायच्या आधी त्याचा साचा काढून ठेवतो. इटलीतनं काही वस्तू येतात, बिडिंगचं रबर चांगलं येतं, पण तिकडच्या गाड्या डाव्या स्टेअरिंगच्या, त्यामुळं डॅशबोर्ड किंवा वायपरची जोडणी आपल्या कामाची नाही.

दिव्याची एक काच शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली, एका रविवारी, गंजलेल्या कुलपांच्या ढिगात पालथी पडलेली. मी ती उचलली तेव्हा हात थरथरत होता. एकच होती आणि डाव्या बाजूची होती. उजवीसाठी तिचा आकार उलटा करून साचा बनवला आणि लाल रेझिनमधे ओतून घेतली, चौथ्या खेपेला बुडबुडे न येता जमली. दिवसा उजवी थोडी गडद दिसते, रात्री दिवा लावला की फरक कळत नाही.

कागदांचं पण सांगून टाकतो. 2021 च्या जुलैमधे केंद्रानं नियम काढला, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात सांभाळलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी, नंतर नूतनीकरणाला 5,000, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. बंद पडलेल्या, कागद हरवलेल्या किंवा बाहेरून आणलेल्या गाड्यांना हे सोयीचं आहे. आमचं आरसी बुक आजीनं देवघराच्या फडताळात जपून ठेवलं होतं, म्हणून आम्ही फिटनेस करून घेतलं, पर्यावरण कर भरला आणि जुनाच नंबर चालू ठेवला. काकांना त्या गाडीतनं दर गुरुवारी बाजाराला जायचंय, आण्णा जायचे तसं.