हद्दवाढ भागातले बोअर आणि शोषखड्डे: पार्श्वभूमी

सोलापुरात जमिनीतलं पाणी बिघडलं म्हटलं की बोट आधी रंगाईच्या कारखान्यांकडे जातं. नाल्यातलं लाल-निळं पाणी सगळ्यांना दिसतं. न्हाणीतून आणि संडासातून मुरणाऱ्या कपड्यांच्या पावडरीला, ॲसिडला, फिनेलला असा रंग नसतो, म्हणून ती चर्चेबाहेर राहिली.

जुन्या शहरातल्या वाड्यांत आड होते. हिप्परग्याच्या तलावाचं, पुढे भीमेचं पाणी नळाला आलं आणि आड मागे पडले. 1972च्या दुष्काळानंतर बोअर फोफावले. धुण्याच्या साबणाची जागा डिटर्जंट पावडरीने घेतली तीही साधारण त्याच सुमारास. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून पावडर जास्त ओतायची, ही सवय तेव्हापासूनची.

खरी गुंतागुंत 1992च्या हद्दवाढीनंतरची. आसपासची गावं शहरात आली, शेतं गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली, पण ड्रेनेज आलं नाही. मग ज्याचं त्याने पाहिलं: प्लॉटच्या एका कोपऱ्यात सेप्टिक टँक आणि त्यातलं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा, दुसऱ्या कोपऱ्यात बोअर. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा स्रोत शोषखड्ड्यापासून किमान 18 मीटर दूर हवा. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरली तरी जेमतेम 14 मीटर भरतात. शिवाय शेजाऱ्याचा खड्डा भिंतीपलीकडे असतोच.

2001 साली गुंठेवारी, म्हणजे असे गुंठ्या-गुंठ्याने विकलेले प्लॉट, नियमित करणारा कायदा आला. 2021च्या दुरुस्तीने तो 2020 अखेरपर्यंतच्या प्लॉटांना लागू झाला. वाद तेव्हाही होता, आजही आहे. घर बांधून बसलेल्यांना उठवणार कुठे, आणि उतारा नसेल तर कर्ज कसं मिळणार, हा समर्थकांचा मुद्दा खोटा नव्हता. पण भांडण मोजणी आणि शुल्काभोवतीच फिरलं. पैसे भरून प्लॉट कायदेशीर होतो. खड्डा आणि बोअर मात्र होते तिथेच राहतात. या एका निर्णयाने कारखान्यांपेक्षा जास्त विहिरींचं भवितव्य ठरवलं असेल, असं मला वाटतं.

त्यात खालचा दगड बेसॉल्ट. वरच्या मुरमातून उतरलेलं पाणी पुढे भेगांतून वाहतं. वाळूत जसं गाळलं जातं तसं इथे होत नाही. साठच्या दशकात युरोप-अमेरिकेत फेसाने नद्या भरल्या, तेव्हा डिटर्जंटचं रसायन बदलून लवकर विघटन होणारं आणलं गेलं. तेच आपल्याकडच्या पावडरींतही असतं. पण त्याच्या विघटनाला हवा लागते आणि सेप्टिक टँकमध्ये ती नसते. त्यात ॲसिड आणि फिनेल सढळ हाताने ओतलं की टँकमधले मैला कुजवणारे जीवाणूही मरतात. मग अर्धकच्चं पाणी तसंच पुढे जातं.

पिण्याच्या पाण्यात अशा डिटर्जंटची मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. मैल्यातून येणाऱ्या नायट्रेटला मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, आणि त्यात सवलत नाही. पाणी उकळलं तर नायट्रेट जात नाही, उलट घट्ट होतं. घरोघरी असलेला टीडीएस मीटर विरघळलेल्या क्षारांचा एकच आकडा देतो, या दोन्हींपैकी काहीच वेगळं दाखवत नाही.

नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून बोअर बंद करणं कुणालाच परवडत नाही. ‘वापरायचं पाणी’ म्हणून तो चालूच असतो, आणि पिण्याचं नाही म्हणून तपासलाही जात नाही. नळ लांबला की मात्र माठ त्याच पाण्याने भरतो.