पाऊस ऑक्टोबरात जातो, बोंडं नोव्हेंबरात भरतात

यवतमाळला वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि कपाशीला आख्ख्या हंगामात ७०० ते १३०० मिलिमीटरच्या मधे पाणी लागतं, म्हणजे कागदावर हिशोब जवळपास बसतोय. तरी कोरडवाहू पऱ्हाटीचा (म्हणजे कपाशीचा) उतारा कित्येकदा एकरी चार-पाच क्विंटलच्या वर जात नाही, आणि माझ्या मते याचं मोठं कारण पाण्याच्या वेळापत्रकात आहे.

बघा, जूनच्या शेवटी पेरलं की पाते (फुलाच्या कळ्या) लागायला महिना-सव्वा महिना, फूल यायला ५५-६० दिवस, आणि फुलाचं बोंड होऊन ते फुटायला अजून ४५-५० दिवस. आपले बहुतेक हायब्रीड १६०-१८० दिवसांचे, त्यामुळे बोंडं भरायचा मोठा काळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो आणि मान्सून तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात विदर्भातून निघून जातो. मग झाड जगतं ते जमिनीत साठलेल्या ओलीवर. खोल काळ्या जमिनीत ती ओल टिकते, बरड म्हणजे हलक्या, उथळ जमिनीत थोड्याच दिवसात संपते.

आणि नेमकं या काळात बोंडाच्या आत काय चालू असतं तर धागा बनत असतो. कापसाचा एक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी! पहिले २०-२५ दिवस ती आतल्या पाण्याच्या दाबाने लांब होत जाते, नंतर तिच्या आत सेल्युलोजचे थर बसतात. सुरुवातीला पाणी कमी पडलं तर धागा आखूड राहतो, नंतर कमी पडलं तर धागा कच्चा आणि बोंड हलकं, म्हणजे भाव पण जातो आणि वजन पण.

जास्त पाण्याचंही तसंच. मुळांना हवा लागते, म्हणून तर आपण वाफसा, म्हणजे जमिनीत ओल आणि हवा दोन्ही असल्याची स्थिती, बघतो. पावसाच्या लांब खंडानंतर एकदम धो-धो पाऊस आला की बोंडांनी लदलेलं हिरवंगार झाड एक-दोन दिवसात माना टाकतं, यालाच आकस्मिक मर म्हणतात. हा बुरशीचा रोग नाही, पाण्यात गुदमरलेली मुळं वर पाणी पाठवू शकत नाहीत, म्हणून आधी चर काढून पाणी बाहेर काढणं महत्त्वाचं.

आता झाडाकडे येऊ. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडे बहुतेक कपाशी देशीच होती, खोल सोटमूळ, ताण सहन करणारी. पण धागा आखूड आणि जाड, गिरण्यांना लांब धागा हवा होता, मग अमेरिकन कपाशी वाढली, १९७० मधे एच-४ पासून हायब्रीड आले आणि २००२ मधे बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली कपाशी. झाडं मोठी, पसरणारी, गळफांद्या (थेट बोंडं न धरणाऱ्या, वाढीच्या फांद्या) भरपूर. बागायतीत हे जमून जातं, पण कोरडवाहूत अशा झाडाला ३० बोंडं पोसायला जेवढे दिवस लागतात तेवढे दिवस ओल नसते.

म्हणून सघन लागवडीचा, म्हणजे झाडं दाट लावायचा विचार मला पटतो. ९० बाय ६० सेंटीमीटरवर एकरी जवळपास ७५०० झाडं बसतात, ९० बाय १५ वर जवळपास ३०,०००. बोंड ४ ग्रॅमचं धरलं तर साडेनऊ क्विंटलसाठी पहिल्या हिशोबात झाडाला ३२ बोंडं लागतात, दुसऱ्यात फक्त ८. आणि ८ बोंडं झाड लवकर उरकतं, तेही खालच्या फळफांद्यांवर, ओल असतानाच. पण त्यासाठी झाडच बुटकं, सरळ, कमी दिवसांचं पाहिजे, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं सुरज वाण अशा लागवडीत वापरलंय.

भारी जमिनीत मात्र जपून, तिथे झाडं उंच वाढून एकमेकांवर सावली करतात, खालचे पाते गळतात, मग मेपिक्वॉट क्लोराइड फवारून वाढ रोखावी लागते. आणि बियाणं चौपट लागतं हा खरा अडथळा आहे, कारण हायब्रीडचं बी महाग आणि दरवर्षी नवीन घ्यावं लागतं, सरळ वाणाचं (हायब्रीड नसलेल्या वाणाचं) बी घरचं धरता येतं. बरड रानात तरी सरळ वाणाचं बी शेतकऱ्याला वेळेवर आणि पुरेसं मिळालंच पाहिजे.