काविळीची माळ आणि सीटीचा काप

मराठवाड्यात अनेक घरांत काविळीला दवाखान्याआधी माळ येते. काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफून रोग्याच्या गळ्यात घालतात. काड्या वाळून आकसतात, दोरा सैल होतो आणि माळ छातीवरून बेंबीकडे सरकते. माळ उतरली की कावीळ उतरली! पुढे घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, आणल्यावर नातेवाइकांचा प्रश्न तोच असतो, फक्त आकड्यातला: ‘बिलिरुबिन किती आलं?’

साध्या काविळीत रक्तातल्या या पिवळ्या द्रव्याचा आकडा बराचसा पुरतो. पण हिपॅटायटिस बी वर्षानुवर्षं अंगात गुपचूप राहतो आणि यकृत आतून निबर होत जातं. मग एक दिवस विषाणू उसळतो, नाहीतर दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई येतो, आणि काही आठवड्यांत पोटात पाणी, डोक्यात भ्रम. 2009 मध्ये आशिया-पॅसिफिक यकृततज्ज्ञांनी या अवस्थेची, म्हणजे जुन्या आजारावर यकृत अचानक निकामी होण्याची, व्याख्या ठरवली, त्यात दिल्लीचे डॉ. शिवकुमार सरीन पुढे होते. बिलिरुबिन 5च्या वर, रक्त गोठायला लागणारा वेळ सांगणारा आयएनआर 1.5च्या वर, आणि चार आठवड्यांच्या आत जलोदर किंवा बेशुद्धीकडे झुकणारा भ्रम. इथे खरा प्रश्न पिवळेपणाचा नसतोच. यकृत उरलंय किती, आणि माणसात झुंजायची ताकद किती, हे कळायला हवं असतं.

हे ओळखायचा जुना प्रयत्न 1964चा, अमेरिकेतल्या चाइल्ड आणि टर्कॉट या शल्यचिकित्सकांचा. त्यांच्या पाच निकषांत एक होता रोग्याची अंगकाठी, म्हणजे पोषण. डॉक्टरनं नजरेनं जोखायचं. 1973 मध्ये लंडनच्या प्यू यांनी तो काढून रक्त गोठण्याचा वेळ घातला, कारण नजर डॉक्टरागणिक बदलते, प्रयोगशाळेचा आकडा तितका बदलत नाही. 2000 साली आलेला, यकृताचा आजार किती गंभीर ते सांगणारा मेल्ड स्कोअर तर बिलिरुबिन, आयएनआर आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन या तीन मुख्य आकड्यांवरच उभा राहिला. 2002 पासून अमेरिकेत यकृत कुणाला आधी द्यायचं ते त्यावर ठरू लागलं. अंगकाठी हिशेबातून गेली ती गेलीच.

ती परत आली चित्रातून. सीटी म्हणजे शरीराचे आडवे काप दाखवणारी क्ष-किरण तपासणी. तिचा पहिला रोगी 1971चा, तोही मेंदूचा. 1979पर्यंत एकेका कापातलं क्षेत्रफळ मोजून, बेरीज करून यकृताचं आकारमान काढता येऊ लागलं. जिवंत दात्याच्या प्रत्यारोपणानं तर ते मोजणं नित्याचं केलं. झपाट्यानं आकसणारं यकृत हे वाईट लक्षण. दुसरं माप कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळच्या एकाच कापातल्या स्नायूंचं. पोट फुगलेलं असलं की वजनकाटा फसवतो, हा काप सहसा फसत नाही. हिपॅटायटिस बी जास्त असलेल्या चीनमध्ये अशा मापांवरून रोग्याच्या जगण्याचा अंदाज बांधण्यावर बरंच काम झालं. 2012 नंतर रेडिओमिक्स आलं: डोळ्याला न दिसणारा पोत संगणकानं मोजायचा. त्याबद्दल मी जरा सावध आहे. यंत्र बदललं की पोताचे आकडेही हलतात.

स्नायू मोजायला मात्र वेगळी तपासणी लागत नाही. पोटाचा सीटी काढला की तो काप त्यात असतोच. रिपोर्टात यकृत, प्लीहा, जलोदर यांच्या ओळी येतात. मणक्याशेजारच्या त्या दोन करड्या पट्ट्यांचं नाव सहसा कुणी घेत नाही.