बोटीच्या बॅटरीला कोणता टेस्टर लावायचा?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. शाकारून ठेवलेल्या नौकेवर या दोन महिन्यांत बॅटरीचं गुपचूप नुकसान होत असतं. पाणी भरायची साधी बॅटरी उकाड्यात महिन्याला ५ ते १५ टक्के आपोआप उतरते, जुनी असेल तर त्याहूनही जास्त. उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली की प्लेटांवरच्या लेड सल्फेटचे कडक स्फटिक होतात आणि पुढच्या चार्जिंगने ते पूर्ण विरघळत नाहीत. मग हंगामाच्या तोंडावर कुणीतरी चिमटे लावतो, टेस्टरवर ‘हेल्थ ४८ टक्के, बदला’ असं उमटतं आणि नवी बॅटरी घेतली जाते. हा निकाल कधी बरोबर असतो, कधी साफ चुकीचा. टेस्टरला कोणता प्रश्न विचारला गेला, यावर ते ठरतं.

बॅटरीकडे बोटीवर दोन कामं असतात. सेल्फ मारताना काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे. आणि रात्रभर दिवे, व्हीएचएफ रेडिओ, जीपीएस, फिशफाइंडर यांना पाच-दहा अँपिअर पुरवत राहायचं. पहिल्या कामात पास झालेली बॅटरी दुसऱ्यात नापास होऊ शकते, उलटही होतं. दोन्ही प्रश्नांचं भरवशाचं उत्तर एका बटणात देणारा टेस्टर सहसा मिळत नाही.

सुरुवात मल्टिमीटरने करावी, पण तो चांगला हवा. साध्या बॅटरीत १२.६५ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज आणि १२.२ म्हणजे निम्मा. सगळा खेळ अर्ध्या व्होल्टाच्या आतला आहे. ०.५ टक्के अचूकतेचा मीटर इथे ०.०६ व्होल्ट इकडेतिकडे दाखवू शकतो, म्हणजे चार्जच्या अंदाजात सात-आठ टक्क्यांची चूक. शिवाय चार्जर काढल्या काढल्या घेतलेलं माप फसवं असतं. निदान चार-सहा तास बॅटरी मोकळी ठेवावी. तेवढा वेळ नसेल तर डेकचे दिवे पाच मिनिटं लावून, बंद करून, थोडं थांबून मोजावं. एजीएम बॅटरी (बंद, आम्ल काचेच्या चटईत शोषलेली) पूर्ण भरल्यावर १२.८ ते १२.९ दाखवते, ती १२.६ दाखवत असेल तर ‘भरलेली’ समजू नये. व्होल्टेजवरून चार्ज किती ते कळतं, तब्येत कळत नाही. मात्र पूर्ण चार्ज करून विश्रांती दिल्यावरही साधारण १०.५ व्होल्टच दिसत असेल, तर सहापैकी एक सेल शॉर्ट आहे. पुढच्या तपासणीची गरज नाही.

झाकणं उघडत असतील तर हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाची घनता (ग्रॅव्हिटी) मोजणारी नळी, हा सगळ्यात प्रामाणिक टेस्टर. तो प्रत्येक सेलची वेगळी साक्ष देतो. स्वस्त असल्यामुळेच त्याला कमी लेखलं जातं. आम्ल दोन-तीनदा ओढून सोडावं, मग नळीतला तरंगणारा फ्लोट डोळ्याच्या रेषेत आणून वाचावं. आजच डिस्टिल्ड वॉटर टाकलं असेल तर वाचू नका. ते वर तरंगत असतं. चार्जिंग करून आम्ल ढवळलं गेलं की मगच माप खरं. पूर्ण चार्जला ग्रॅव्हिटी साधारण १.२६५ ते १.२८० असते, पण उष्ण हवेसाठी बनलेल्या ट्युब्युलर बॅटऱ्या १.२४० लाच पूर्ण असतात, म्हणून आधी लेबल पाहावं. आपल्याकडे संदर्भ तापमान बहुधा २७ अंश धरतात. आम्ल त्याहून दर १० अंश गरम असेल तर मापात ०.००७ मिळवायचे. इंजिन रूममध्ये ४५ अंश असेल तर ०.०१३ चा फरक पडतो, आणि तो सोडला तर चांगली बॅटरी अर्धवट उतरलेली वाटते. सेल-सेलमधला फरक ०.०५० च्या वर गेला तर तो सेल संपत आला आहे.

दुकानदाराच्या हातातला छोटा इलेक्ट्रॉनिक टेस्टर बहुधा कंडक्टन्स पद्धतीचा असतो. मिनेसोटा विद्यापीठातले कीथ चॅम्पलिन यांना या पद्धतीचं पेटंट १९७५ मध्ये मिळालं. टेस्टर बॅटरीत बारीक, बदलता विद्युतप्रवाह सोडतो आणि तिचा प्रतिसाद मोजतो. प्लेटांचा कामाचा पृष्ठभाग जितका जास्त, तितकी वाहकता जास्त. त्यावरून तो सीसीए, म्हणजे उणे १८ अंशाला ३० सेकंद किती अँपिअर मिळतील, याचा अंदाज छापतो. ठिणगी नाही, उष्णता नाही, बॅटरी उतरत नाही. इंजिनाच्या बॅटरीसाठी उत्तम. पण तो रात्रभराचं बोलत नाही. जाड प्लेटांच्या डीप सायकल (खोल उतरवून वापरायच्या) बॅटरीचा सीसीए मुळातच कमी. तिला तो ‘बदला’ म्हणून मोकळा होतो.

चुका बहुतेक माहिती भरताना होतात. बोटीसाठीच्या आयात बॅटऱ्यांवर सीसीएऐवजी एमसीए लिहिलेला असतो, तो शून्य अंशाचा आकडा. १००० एमसीए म्हणजे सुमारे ८०० सीसीए. टेस्टरमध्ये १००० सीसीए भरला तर धडधाकट बॅटरी नापास होते. आपल्याकडच्या अनेक एन-१५०, एन-२०० बॅटऱ्यांवर फक्त अँपिअर-अवर असतात. तेव्हा अंदाजे आकडा भरण्यापेक्षा बॅटरी नवी असताना पूर्ण चार्ज करून आलेलं माप मार्करने तिच्याच अंगावर लिहून ठेवावं. पुढे त्याच टेस्टरने, जवळपास त्याच तापमानाला मोजून तुलना करावी. दुसरी चूक चिमट्यांची. स्टेनलेस स्टीलच्या स्टडला किंवा खारट पांढऱ्या थराच्या लगला चिमटा लावला तर टेस्टर त्या जोडाचाच अडथळा मोजतो. चिमटा शिशाच्या खांबाला, घासून साफ केल्यावर लावावा. चार्जर, सोलर कंट्रोलर, इन्व्हर्टर आधी बंद. आणि २४ व्होल्टच्या बोटीत दोन्ही बॅटऱ्या सोडवून वेगवेगळ्या तपासाव्यात, कारण चांगली बॅटरी वाईटाला झाकते.

लोड टेस्टर मोठा प्रवाह ओढून बॅटरी तपासतो. त्याचं प्रमाण असं: सीसीएच्या निम्मा प्रवाह १५ सेकंद ओढायचा, २१ अंश किंवा त्याहून उबदार हवेत व्होल्टेज ९.६ खाली जाता कामा नये. स्वस्त, १०० अँपिअरच्या तारेचा टेस्टर इथे कुचकामी. ८०० सीसीएच्या बॅटरीला ४०० अँपिअर हवेत, त्यासाठी कार्बन पाइलचा (कार्बनच्या चकत्यांतून प्रवाह ओढणारा) जड टेस्टर लागतो. त्याऐवजी इंजिनाचाच सेल्फ वापरता येतो. डिझेलचा पुरवठा बंद ठेवून दहा सेकंद फिरवा आणि प्रत्येक बॅटरीवर एक मीटर लावून कोणती जास्त कोसळते ते पाहा. धूर पाण्यासोबत बाहेर टाकणाऱ्या बोटीत मात्र आधी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा, नाहीतर इंजिन चालू न होता पंप फिरत राहतो, एक्झॉस्टमध्ये साचलेलं पाणी सिलिंडरपर्यंत मागे येऊ शकतं. चाचणी संपली की कॉक उघडायला विसरू नका. लोड टेस्टर लावताना ठिणगी उडते आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन स्फोटाला पुरतो. हॅच उघडी, चार्जिंग थांबून बराच वेळ झालेला, आणि टेस्टरचा स्विच बंद असतानाच चिमटे जोडायचे.

रात्रभराच्या बॅटरीसाठी खरी परीक्षा एकच, ती पूर्ण उतरवून पाहण्याची. १५० अँपिअर-अवरची बॅटरी २० तासांत उतरवायची तर ७.५ अँपिअर लागतात. गाडीचा ५५ वॅटचा एक आणि ३५ वॅटचा एक बल्ब जवळपास तेवढेच घेतात. व्होल्टेज घसरतं तसा प्रवाहही कमी होतो, म्हणून घड्याळापेक्षा अँपिअर-अवर मोजणारा शंटचा मीटर (शंट म्हणजे प्रवाह मोजायचा अगदी कमी रोधाचा तुकडा) मध्ये बसवावा. १०.५ व्होल्टला थांबायचं आणि लगेच चार्जला लावायचं. १२० अँपिअर-अवर, म्हणजे ८० टक्के, मिळाले तर आणखी एक हंगाम निभावेल. त्याखाली बदलण्याचा विचार करावा. हे वर्षातून एकदा, बंदीच्या काळात करावं आणि फक्त सेल्फसाठी असलेल्या पातळ प्लेटांच्या बॅटरीवर अजिबात करू नये. एकदा खोल उतरवल्यानेही तिचं आयुष्य घटतं.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला यातलं फारसं काही लागू पडत नाही. तिचं व्होल्टेज ३० ते ८० टक्क्यांपर्यंत १३.२ च्या आसपासच रेंगाळतं, हायड्रोमीटरला आम्ल नसतं, आणि शिशाच्या बॅटरीसाठी बनलेला टेस्टर आतल्या बीएमएससकट (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या सर्किटसकट) काहीतरी मोजून भलताच आकडा देतो. तिथे कायमचा बसवलेला शंट मॉनिटर आणि वर्षाला एक क्षमता चाचणी एवढंच विश्वासाचं.