‘तोंडाला चव नाही’ या तक्रारीमागे

“मन उदास आहे” असं आपल्याकडची जुनी माणसं सहसा बोलून दाखवत नाहीत. तोंडाला चव नाही, घास तोंडातच फिरतो, अन्नावरची वासनाच उडाली, असं म्हणतात. हरिपूरचे आमचे थोरले काका सांगलीच्या पेठेत हळदीच्या दुकानी दिवाणजी होते. हळकुंड मोडून नाकाशी धरायचे आणि माल कसा आहे ते सांगायचे. काकू गेल्यावर तिसऱ्या महिन्यात एके दुपारी ताटावरून म्हणाले, “सूनबाई, आमटीत मीठ राहिलं का गं?” वहिनीने चिमूटभर मीठ वाढलं. त्यांनी पुन्हा मागितलं. त्याच पातेल्यातली आमटी आम्हाला बरोबर लागत होती. मग जिऱ्याचं पाणी झालं, पित्ताच्या गोळ्या झाल्या. त्यात चार महिने गेले, याची रुखरुख मला अजून आहे.

खरं तर मन आणि चव यांच्या नात्याची ओळख आपल्याकडे फार जुनी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अरोचकाची, म्हणजे तोंडाची चव जाण्याची कारणं सांगताना वात-पित्त-कफाच्या जोडीला शोक, भय, अतिलोभ आणि क्रोध हेही मोजले आहेत.

युरोपात १८९६ साली फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी कशातच सुख न वाटण्याच्या अवस्थेला ‘अनहेडोनिया’ हे नाव दिलं. १९६० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ मॅक्स हॅमिल्टन यांनी नैराश्य मोजण्याची पट्टी केली, तिच्यात भूक मंदावल्याची नोंद होती. पण भूक वेगळी आणि चव वेगळी. भूक नसलेल्या माणसालाही मीठ कमी-जास्त कळतं.

चवीचा हिशेब २००६ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडला. गोड, कडू, आंबट, खारट ओळखू यायला किमान किती तीव्र द्रावण लागतं, हे त्यांनी निरोगी माणसांत मोजलं. मग नैराश्यावर दिली जाणारी औषधं देऊन पुन्हा मोजलं. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढवणाऱ्या औषधानंतर साखर २७ टक्के आणि कडू क्विनीन ५३ टक्के कमी असतानाही जिभेला कळू लागलं. नॉरअ‍ॅड्रेनलिन हे मेंदूतलं दुसरं रसायन वाढवणाऱ्या औषधाने कडू आणि आंबट लवकर कळू लागलं. खारटावर औषधांचा असा परिणाम दिसला नाही, मात्र ज्यांच्या मनात चिंता जास्त होती त्यांना कडू आणि खारट ओळखायला अधिक तीव्र द्रावण लागत होतं. हे वाचताना मला काकांच्या ताटातलं मीठ आठवलं. जिभेवरच्या स्वादकलिकांतल्या काही पेशीही सेरोटोनिन वापरतात. तेव्हा मेंदूतल्या ज्या रसायनांचा मनःस्थितीशी संबंध लावला जातो, त्यांचा जिभेशीही संबंध असावा, यात नवल नाही.

अर्थात चव गेली की नैराश्यच, असं नाही. बी-१२ किंवा जस्त कमी पडलं, सर्दीने वास गेला, तरी चव जाते. नैराश्यावरच्या जुन्या औषधांनीही तोंड कोरडं पडतं. म्हणून आधी तपासणी हवीच. मिरजेच्या डॉक्टरांनी काकांचं रक्त तपासायला घेतलं आणि विचारलं, “चव कधीपासून गेली?” काका गप्प राहिले. वहिनीने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, “आई गेल्या, त्याच्या पुढच्याच महिन्यापासून.”